चार पायांचा रांजण

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे, प्रवरेकाठच्या दायमाबाद गावी सापडलेल्या प्राचीन काशाच्या रथाचे छायाचित्र मिळाले. प्राचीन माणूस डोळ्यांसमोर उभा करणारी याहून समर्थ वस्तू महाराष्ट्रात सापडलेली नाही, हे तुझे मत मला अर्धेच मान्य आहे. जेमतेम हातभर लांबीचा तो रथ, त्याची बैलजोडी, दांडीवरचे इवलेसे कुत्रे आणि उभा राहून बैल हाकणारा पुरुष यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु १९७४ साली प्रवरेकाठी एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्यासह हा रथ मिळाला, तेव्हा तो कोणत्या थरात होता आणि त्याच्या शेजारी काय होते, हे टिपून ठेवायला तेथे कोणी उत्खनक नव्हता. म्हणूनच अनेक अभ्यासक त्याला उत्तर हडप्पा काळातला, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातला, इ.स.पू. २००० च्या आसपासचा मानतात, तर धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहून काहींनी तो बराच अलीकडचा असावा अशी शंका घेतली.

याउलट शिरूर तालुक्यातील इनामगाव पाहा. घोड नदीकाठची ही वसाहत इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक वर्षे तेथे उत्खनन केले. रथाच्या तोडीचे काही तेथे मिळाले नाही. मिळाली ती माती, आणि तीही कित्येकदा न भाजलेली. लहान मूल दगावले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यांत मुलाला निजवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे, अशी रीत होती. प्रौढांना पुरताना मात्र घोट्याखालची पावले तोडून टाकत. मेलेल्याने उठून जाऊ नये, एवढाच अर्थ मला त्यात दिसतो. आता याच गावातल्या पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा, माणसाच्या धडासारखा घडवलेला, कच्च्या मातीचा रांजण मिळाला आणि त्यात पाय दुमडून बसवलेला, सुमारे चाळिशीचा पुरुष होता. त्याची पावले शाबूत होती! सगळ्या गावाचा नियम ज्याच्यासाठी मोडला, तो गावचा प्रमुख असावा हा उत्खनकांचा तर्क मला पटतो. पण रांजण नुसताच हाती लागला असता, ते घर आणि इतरांची दफने ठाऊक नसती, तर हा तर्क करायला आधारच उरला नसता. संग्रहालयात वस्तू मांडणारे नेमके हेच विसरतात आणि काचेमागे एकटे भांडे ठेवून मोकळे होतात.

तेथेच एका घराच्या जमिनीखाली मातीच्या झाकणाच्या पेटीत एक स्त्रीमूर्ती मिळाली. पेटीवर दुसरी, शीर नसलेली स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल होता. बैलाच्या पाठीला आणि या दुसऱ्या मूर्तीच्या पोटाला भोके असल्यामुळे काडी घालून ती बैलावर बसवता येते. दाखवण्यासाठी केलेली कला आणि अशी पुरून ठेवलेली श्रद्धा यांत, माणूस ओळखायचा झाला, तर मी दुसरीवर अधिक विसंबेन.

शाळेतील मुलांसाठी तू एकच चित्र मागितले आहेस. मी रथाचे मोठे चित्र आणि रांजणाचे रेखाचित्र, अशी दोन्ही पाठवतो. रांजण दाखवताना ते पाच खोल्यांचे घरही फळ्यावर काढ आणि हा माणूस कोण असेल, ते आधी मुलांनाच सांगू दे. त्यांची उत्तरे मला कळव.

तुझा,
अविनाश