दाखल्यावर १ जून, अन् सतरा वर्षांखालची टीम

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात तुम्ही बातमी दिली होती, आपल्या १७ वर्षांखालच्या फुटबॉल टीमनं ३० नोव्हेंबर २०२५ ला अहमदाबादला इराणला २-१ हरवलं अन् आशिया कपात जागा पक्की केली. पहिला गोल इराणचा झाला होता अन् त्यांना बरोबरीही चालली असती, आपल्याला जिंकणंच भाग होतं, तरी पोट्टे जिंकले. बातमी कोपऱ्यात होती त्याचं काही नाही, निदान दिली तरी. पण ती वाचून चार दिवस डोक्यात एक गोष्ट घोळून राहिली म्हणून लिहितो.

माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्टँडमागं पंक्चरचं दुकान आहे. मी काही कोच नाही, शाळेत असताना लेफ्ट बॅक खेळलो तेवढंच. फुटबॉलचा माझा संबंध म्हणजे आजूबाजूच्या पाच-सहा गावच्या पोट्ट्यायचे बॉल माझ्याकडं येतात. कोणाचा ब्लॅडर गेला, कोणाची शिलाई उसवली, अन् निम्म्याहून जास्त बॉलमध्ये बाभळीचा काटा. कोणत्या गावात पोट्टे खेळून राहिले अन् कोणत्या गावात बंद पडले हे मला दुकानात बसून कळते.

२०१७ चा १७ वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप आपल्याकडं झाला तवाची गोष्ट सांगतो. १५ सप्टेंबरला राज्यभर फुटबॉलचा दिवस केला, दहा लाख पोरं खेळवायची म्हणून शाळांना बॉल वाटले. पुढच्या आठवड्यात एका शाळेचा शिपाई पोत्यात बॉल घालून दुकानात, म्हणे हवा भरून द्या. माझ्याकडं कॉम्प्रेसर आहे, हातपंप आहे, पण फुटबॉलची पिन कुठून आणू? यवतमाळहून मागवली, दहा रुपयाची पिन यायला आठ दिवस गेले. हवा भरली, बॉल परत गेले अन् कपाटात बंद झाले, किल्ली हेडमास्तरजवळ. पुढं मार्चमध्ये स्टॉक तपासणीच्या आधी तेच बॉल परत हवा भरायला आले, एकालाही मातीचा डाग नव्हता. मी तेव्हाच समजून गेलो.

त्या वर्ल्ड कपात आपली टीम अमेरिकेकडून ०-३ हरली, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. लोक हसले. कोलंबियाची मॅच आम्ही चौघांनी अर्धं शटर ओढून मोबाईलवर पाहिली, ८२व्या मिनिटाला कॉर्नर आला अन् जॅक्सन सिंगनं डोकं लावलं, भारताचा वर्ल्ड कपातला पहिला गोल, आम्ही असे ओरडलो की समोरचा पानठेलेवाला धावत आला काय झालं म्हणून, अन् त्याला सांगेपर्यंत कोलंबियानं फिरून एक मारला होता! पण हसणाऱ्यांनी पुढचं नाही पाहिलं. जॅक्सन, अन्वर अली, सुरेश सिंग, रहीम अली, हे सारे त्याच टीममधून निघून भारताच्या मोठ्या टीममध्ये खेळले. कारण मला तरी साधं दिसते, त्या पोरांना मॅच मिळाल्या. वर्ल्ड कप संपल्यावर देशाच्या फुटबॉल फेडरेशननं त्यांना घरी नाही धाडलं, इंडियन ॲरोज नावानं आय-लीग या देशभरच्या क्लब स्पर्धेत उतरवलं, मोठ्या माणसांच्या क्लबांसमोर. पहिल्याच मॅचमध्ये चेन्नई सिटीला ३-०, त्यात दोन गोल आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे, रिक्षावाल्याचं पोरगं. ती टीम २०२२ मध्ये बंद केली ते मला काही पटलं नाही, पण तो वेगळा विषय.

अनिकेतला लहानपणीच कोल्हापूरहून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, शासनाच्या खेळाच्या निवासी शाळेत नेलं, म्हणून तो तिथपर्यंत गेला. १७ वर्षांखालची टीम म्हटली की पोरगं बारा-तेराव्या वर्षी कोणाच्या तरी नजरेत भरलं पाहिजे, सोळाव्या वर्षी उजेडात आलं तर गाडी निघून गेलेली असते. आता आमच्याकडं तेरा वर्षाच्या पोराला वर्षात मॅच किती भेटतात, तर एक. खरंच एक. ऑगस्टमध्ये शाळांची तालुकास्तर स्पर्धा होते, बाद पद्धतीनं, म्हणजे हरला तो घरी. सहा शाळा आल्या तर तीन शाळा पहिल्याच मॅचला बाहेर. अन् मॅच तरी कशी, वरून पाऊस, खाली काळी माती, बुटाला दोन-दोन किलो चिकटते अन् ज्याला बूट नाही ते पोट्टं उलट बरं पळते! वीस मिनिटं चिखल तुडवला, डब्बा खाल्ला, ऑटोत बसून गावी, संपला त्याचा फुटबॉल पुढच्या ऑगस्टपर्यंत. कामठी-नागपूरची गोष्ट वेगळी, तिथं क्लब आहेत, जुनी परंपरा आहे, नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीच्या पोरायला खेळवलं ते साऱ्या देशाला माहीत आहे. पण नागपूर म्हणजे अख्खा विदर्भ नव्हे ना साहेब.

कोणी म्हणेल मणिपूरसारखं रक्तातच पाहिजे. २०१७ च्या २१ जणांत ८ पोरं मणिपूरची होती. आता २०११ ची जनगणना पाहा, मणिपूरचे लोक साडेअठ्ठावीस लाख, आपला एकटा यवतमाळ जिल्हा पावणेअठ्ठावीस लाख. रक्ताचं मला नाही कळत, पण त्यांच्याकडं गावोगाव क्लब आहेत, पोरगं सारखं कोणाशी ना कोणाशी खेळत असते.

आता यंदाची गोष्ट. जवळच्या एका तांड्यावरचं पोरगं माझ्या दुकानात येते, डावखुरं, बॉल पायाला गोंदानं चिकटवल्यासारखा. मायबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. याला ठेवायचं कुठं म्हणून २०१७ मध्ये लवकरच शाळेत टाकलं, तेव्हा सहा वर्षं पूर्ण नव्हती, तर गुरुजींनी दाखल्यावर जन्मतारीख टाकली १ जून २०११. आमच्या पिढीत तर अर्धा वर्ग १ जूनचाच होता, माझी पण तीच. याची माय सांगते, "संक्रांत झाली अन् दुसऱ्या दिवशी हा झाला जी," म्हणजे जानेवारी २०१२. सात महिन्याचाच फरक, पण यंदा १४ वर्षांखाली खेळायला १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा जन्म पाहिजे होता. पोरगं खरं तर बसत होतं, कागदानं बाहेर काढलं. मग १७ वर्षांखालच्या टीममध्ये नाव टाकलं, तिथं मिशा फुटलेले पोट्टे, सरांनी पूर्ण वेळ बाहेर बसवलं. त्याची वर्षाची एक मॅच होती, तीही गेली. दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारते, "काका, तारीख खोडता येत नाही का?" शाळेत विचारलं तर म्हणे जन्मनोंदीचा दाखला आणा, मग शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी. अन् हा जन्मला फडावर, उसाच्या, दुसऱ्या जिल्ह्यात, नोंद कोणी केली असेल तर शपथ.

देशात लोक पोराचं वय कमी करून खेळवतात म्हणून फेडरेशन हाडावरून वय पाहायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढते, जगाच्या फुटबॉलची संस्था फिफा तर एमआरआय करते. आमचं उलटं, आमच्या पोरायचं वय आम्हीच वाढवून ठेवलं. त्या एक्स-रेत हे पोरगं कदाचित खरं निघालं असतं, पण तिथपर्यंत कोणी बोलवावं लागते न.

शासनाकडं मोठं काही मागत नाही, स्टेडियम नको, बॉलही नको. तालुक्यातल्या सहा शाळा धरा, नोव्हेंबर ते जानेवारी, चिखल नाही, सोयाबीन निघून वावरं मोकळी असतात, दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. १५ मॅच होतात, अन् प्रत्येक पोराला पाच. बाद पद्धतीत त्याच सहा शाळांच्या मिळून पाचच होतात. रेफ्रीला गावातले जुने खेळाडू येतात, चहा पाजला तरी खुश. पहिल्या वर्षी १३ वर्षांखालच्यांचीच करा, अन् वयासाठी दाखल्यासोबत आशाताईंच्या रजिस्टरला, नाहीतर मायच्या सांगण्यालाही जरा किंमत द्या, तालुक्याच्या लीगला कोण फिफावाला येऊन राहिला तपासायला. पोरींच्या टीमही पाहिजेत, माझ्याकडं बॉल घेऊन येणाऱ्यांत दोन पोरी आहेत अन् त्या पैसे पण वेळेवर देतात.

क्रीडा अधिकारी साहेबांनी हे पत्र वाचलं तर एवढं सांगतो, लीगच्या सगळ्या बॉलची हवा अन् पंक्चर माझ्याकडून फुकट. पिना आता दोन आहेत.

आपला नेहमीचा वाचक,
एक पंक्चरवाला, जि. यवतमाळ