प्लास्टर निघालं, पण हाड मोडलं कशाने ते कुणी विचारलंच नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि. हाडांवर कुठेही लेख आला की दूध प्या, उन्हात बसा, एवढंच असतं, म्हणून हे लिहितेय.

माझी आई ६३ वर्षांची असताना ओट्यापाशी पाय घसरून हातावर पडली आणि मनगट मोडलं. जिन्यावरून वगैरे नाही हां, उभ्या उभ्या पडली. दीड महिना प्लास्टर, मग कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरी, आम्हीपण खूश की चला हात वाचला. दोन वर्षांनी बाथरूममध्ये पडली तेव्हा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि तेव्हा कुठे दुसऱ्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, करायला सांगितलं, त्यासाठी पुण्याला जावं लागलं. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा, आला उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. म्हणजे मनगट मोडलं तीच पहिली सूचना होती, आम्ही ती प्लास्टरमध्ये गुंडाळून ठेवली.

पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि पुढची ५-१० वर्षं हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, दुखत काहीच नाही म्हणून कळत नाही. मणका दबला तरी वाटतं कंबर भरली असेल. आईची उंची कमी होत होती आणि आम्ही तिलाच ओरडायचो, सरळ चाल ना गं!

डेक्सा व्हायच्या आधी सोसायटीत हाडं तपासायचं मोफत शिबिर झालेलं, टाच मशीनमध्ये ठेवून "छान आहे" म्हणाले आणि पावडरचा डबा विकला. टाचेच्या त्या मशीनवर निदान होत नाही, त्याला कंबरेचा आणि खुब्याचा डेक्साच लागतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नाचणी खाच, १०० ग्रॅममध्ये साधारण ३४० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, पण पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं आणि एकदा हाडं एवढी ठिसूळ झाली की नुसत्या भाकरीवर किंवा कॅल्शियमवर भागत नाही, औषध लागतं. आईला आठवड्याला एक गोळी आहे, उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहापण नाही, रविवारचा तो अर्धा तास आमच्या घरात कसा जातो ते विचारू नका. दम्यासाठी नाहीतर संधिवातासाठी जे महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात त्यांनीपण डॉक्टरांना हाडांचं विचारावं, आणि यात पुरुषही आले.

मागणी एकच आहे. पन्नाशीनंतर कुणी उभ्या उभ्या पडून हाड मोडून घेतलं तर प्लास्टर काढताना कागदावर डेक्सा लिहून द्या, आणि ते मशीन निदान प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तरी असू द्या, मोडका खुबा घेऊन गाडीत तीन तास बसणं काय असतं ते आईला विचारा.

मी ४९ची आहे, पाळी गेल्या वर्षी गेली. पुढच्या आठवड्यात माझा डेक्साचा नंबर आहे.

– एक वाचक, सातारा जिल्हा