कुणी येऊ नका म्हणणाऱ्या ओंकारला

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन पळणार असल्याचं तू कळवलंस, तेव्हा बाबांनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरात तिसऱ्या रविवारभोवती गोल केला. पाठोपाठ तुझा दुसरा मेसेज आला, की कुणी येऊ नका, पहाटेची रेस आहे, तुमची उगाच दगदग होईल. बाबांनी तो वाचला, फोन माझ्या हातात दिला आणि काही न बोलता चहा टाकायला गेले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

तू पाचवीत असताना मी साताऱ्याला पहिल्यांदा 21 किलोमीटर पळाले. त्या दिवसाचं तुला काय आठवतंय ते मला माहीत आहे. आदर्कीच्या घाटात तुला गाडी लागली आणि परत येताना कंदी पेढे मिळाले, एवढंच. बाकीचं आज सांगते.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून भरते. गावातून निघायचं, समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं, निम्मं अंतर झालं की मागं फिरायचं आणि आलो त्याच वाटेनं उतरायचं. म्हणजे जाताना जवळजवळ सगळा चढ. मी सराव केलेला मुधोजी कॉलेजच्या मैदानावर आणि कालव्याच्या कडेनं. आपल्या फलटणमध्ये चढ म्हणावा असा कालव्यावरचा पूल. घाटाच्या नावानं माझ्या पोटात गोळा आलेला, पण फी भरून झाली होती.

रात्री तीनच्या पुढं आपण निघालो. आजीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी आणि खडीसाखरेची पुडी असा सगळा डबा भरून घेतला होता. रेससाठी घाटाचा रस्ता बंद ठेवतात, त्यामुळं घरच्यांना वर येता येत नाही. बाबांनी आदल्या दिवशीच नकाशा काढून ठरवलं होतं, की समर्थ मंदिरापाशीच थांबायचं, कारण तिथून मी जाताना आणि येताना अशी दोनदा दिसणार. बाबा स्वतः बसस्टँडपर्यंतसुद्धा कधी पळाले नाहीत, पण ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. माझ्या नव्हती.

जाताना तुम्ही मला दिसलात. ताईनं हात केला आणि तू सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडलास, "आई, तुझ्या पुढं खूप जण गेलेत!" आजूबाजूचे हसले. तुझ्या शेजारचे एक आजोबा म्हणाले, "अरे, मागंही पुष्कळ आहेत." मी हसत हसतच घाटाला लागले. ते हसू पहिल्या वळणापर्यंत टिकलं.

मग धुकं आणि भुरभुर पाऊस. मोजे भिजले. माझ्या पुढच्यांतले बरेच जण चालत होते, मीही चालले. घाटात चालण्याची लाज वाटून घ्यायची नसते. वर शाळेची मुलं लेझीम खेळत होती, ढोल वाजत होता, बाया डोक्यावर पदर घेऊन पावसातच उभ्या होत्या. पळताना मोठमोठे विचार येतात असं लोक लिहितात. मला आले नाहीत. मला फक्त पुढचं वळण दिसत होतं, आणि खाली समर्थ मंदिरापाशी तुम्ही आहात एवढं माहीत होतं. उतार लागल्यावर वाटलं सुटले, पण मांड्या भरून येतात त्या उतरतानाच. त्यानंतर आठवडाभर मी जिना उलटा उतरत होते, त्याची तू नक्कल करायचास.

आता माझ्याशिवायचा भाग. हा मला ताईनं आणि बाबांनी नंतर सांगितला. मी वर गेल्यावर तुम्हाला दोन तासांहून जास्त वेळ थांबायचं होतं. बाबा तुम्हा दोघांना राजवाड्यापर्यंत चालवत घेऊन गेले, पोहे खाऊ घातले. परत आल्यावर तू विचारलंस, की आई दुसऱ्या रस्त्यानं घरी गेली असेल तर? आजी मात्र तिथून हललीच नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली, आणि वरून पहिले पळणारे उतरू लागले तशी उठून रस्त्याच्या कडेला गेली.

आपल्या गावात माउलींची पालखी मुक्कामाला असते. वारकऱ्यांना पाणी देण्यात, भाकरी वाढण्यात आजीचा जन्म गेला. तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. लिंबाची फोड एका हातात, खडीसाखर दुसऱ्या. ताई म्हणाली, "अगं आजी, हे आईसाठी आणलंय, आणि लोकांना हवं का ते विचार तरी." तर आजी म्हणाली, "इचारत बसायचं नसतं, हात पुढं करायचा असतो." पुण्यामुंबईची पोरं, एक पोलीस, पायात गोळा आलेली एक मुलगी, सगळ्यांनी घेतलं. त्या मुलीला तिनं पायरीवर बसवून पोटरी चोळून दिली आणि परत रस्त्याला लावलं. मी आले तोवर डबा रिकामा. "तुला ठेवायचं राहिलं बघ," असं म्हणाली, तेही अगदी मजेत. मी पाणी पिऊन पुढं गेले.

त्यानंतर मी एकटीही जाऊन पळून आले. एकटीनं पळण्यात वाईट काही नाही, वेळ उलट चांगलीच आली. पण त्या रेसबद्दल मला विचारशील तर वेळ सांगेन आणि थांबेन. साताऱ्याचं मात्र अजून आपल्या घरात कुणीतरी काहीतरी नवीन सांगतं. पोटरी चोळल्याचं तर मला ताईच्या लग्नाच्या गडबडीत कळलं! मी घाटात होते तेव्हा खाली एक अख्खी सकाळ होऊन गेली होती आणि ती तुमच्याकडे होती.

म्हणून तुझं ते 'दगदग' मला पटत नाही. दगदग होणारच. ती आमची आम्ही बघू. तू म्हणशील, घरचे बघत असले की दडपण येतं. येऊ दे. पेडर रोडच्या चढावर, चौदा-पंधरा किलोमीटर पायात असताना, थोडं दडपण असलेलं चांगलं.

तर आता मुंबईचं. आम्ही शनिवारी संध्याकाळी गिरगावात मावशीकडे येऊ. माहीमला, जिथून तू निघणार, तिथं पहाटे पाचच्या अंधारात यायचा आमचा विचार नाही. त्या गर्दीत तुझं तुलाच कळायचं नाही तू कुठं आहेस ते. सी लिंकवर तर एरवीही पायी जाऊ देत नाहीत, त्यामुळं तिथं तुझ्यासाठी कुणी उभं नसेल. तेवढं एकट्यानं पळून घे, हौस फिटेल. पुढं वरळी, हाजी अली, मग पेडर रोड. तिथले लोक बाल्कन्यांतून ओरडतात, खाली येऊन संत्री वाटतात म्हणे. तिथून उतरून तू चौपाटीला येशील. आम्ही तिथं.

किलोमीटरला 7 मिनिटं धरलीस, तर चौपाटीला तू सात-सव्वासातला पोचतोस, म्हणजे सूर्य उगवायच्या सुमारास. एवढ्या लोकांत सुरुवातीची रेघ ओलांडायलाच काही मिनिटं जातात, ती मी यात धरली आहेत. तुझा हिशोब वेगळा असेल तर कळव, पण खरा कळव, फुशारकीचा नको. साडेसहापासून आजीला उभं करायला लावू नकोस.

आणखी तीन गोष्टी हव्यात. शर्टाचा रंग. बिबचा, म्हणजे छातीवर लावायच्या कागदाचा नंबर, तो हातात पडला की लगेच, म्हणजे ताई तिकडून फोनवर बघत बसेल. आणि तू समुद्राच्या बाजूनं पळणार की इमारतींच्या, ते. हे सगळ्यात महत्त्वाचं. मरीन ड्राइव्ह रुंद आहे, आम्ही एका कडेला आणि तू दुसऱ्या, असं झालं तर सगळं मुसळ केरात. शेवटच्या रेघेपाशी घरच्यांना सोडत नाहीत, तेव्हा तिथून बाहेर पडल्यावर कुठं भेटायचं ते आधी ठरवू. सीएसएमटीसमोर असं मोघम सांगू नकोस, त्या दिवशी तिथं सगळी मुंबई असते. रेघ ओलांडल्यावर लगेच बसू नकोस, चालत राहा. ठाकुरद्वारला मिसळ खाऊ, मग मावशीकडे जाऊन झोप.

आजी येणार आहे. तिला नको म्हणायचं असेल तर तू स्वतः फोन करून सांग. मी सांगणार नाही, बाबांची तर हिंमतच नाही.

तुझी,
आई

ता.क. नवे बूट घेतलेस असं ताई म्हणाली. ते रेससाठी राखून ठेवू नकोस, आत्तापासूनच वापरायला काढ. आणि काखेत, मांड्यांना व्हॅसलीन. याची लाज वाटली तर आंघोळीच्या वेळी, घासून सोलवटलेलं झोंबायला लागलं की माझी आठवण येईल.