तांबड्या पेशींचे आयुष्य आणि आपला आहारसल्ला : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

रक्तक्षयाविरुद्धच्या उपाययोजनांत लोहाच्या गोळीला मिळालेले स्थान योग्यच आहे. परंतु तांबडी पेशी तयार होणे आणि तिने आपले आयुष्य पूर्ण करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि यांपैकी दुसरीकडे आपल्या विभागाने लक्ष द्यावे, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

निरोगी शरीरात तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. तिच्यातील साधारण १ ते ३ टक्के हिमोग्लोबिन रोज आपोआप मेथहिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे प्राणवायू वाहू न शकणाऱ्या रूपात, बदलते, त्या क्रियेत सुपरऑक्साइड हे प्राणवायूचे अतिक्रियाशील रूप निर्माण होते आणि त्याचेच पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. ते वेळीच निकामी झाले नाही, तर पेशीच्या आवरणातील मेद खराब होतात, तिची लवचीकता जाते आणि अशी ताठरलेली पेशी प्लीहेत मुदतीआधीच नष्ट होते. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसल्यामुळे झिजलेल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) जागी नवी घडवणे तिला शक्य नसते. अस्थिमज्जेतून निघताना मिळालेल्या शिदोरीवरच तिला अखेरपर्यंत भागवावे लागते.

ही शिदोरी आहारातून येते. पेरॉक्साइडचा नाश करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराला सेलेनियम लागते, आणि त्या कामात वापरले गेलेले ग्लुटाथायोन हे पेशीतील संरक्षक द्रव्य पुन्हा कामास आणणाऱ्या विकराला रायबोफ्लेविन, म्हणजेच ब२ जीवनसत्त्व, लागते. हे नाते इतके घट्ट आहे की तांबड्या पेशींतील या दुसऱ्या विकराची क्रियाशीलता मोजूनच शरीरातील ब२ची स्थिती ठरवतात. आवरणाचे रक्षण ई जीवनसत्त्व करते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याच्या अभावी पेशी फुटून रक्तक्षय होऊ शकतो. क जीवनसत्त्व ईला पुन्हा कार्यक्षम करते, शिवाय वनस्पतिजन्य लोहाचे शोषणही वाढवते.

यावरून अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे असे नुकसान रोखणाऱ्या पदार्थांच्या, मोठ्या मात्रेच्या गोळ्या हितकारक ठरतात, असा निष्कर्ष मात्र निघत नाही, आणि माझी खरी काळजी इथेच आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. तांबड्या पेशींच्या बाबतीत धोका अधिक थेट आहे. जगात सुमारे ४० कोटी लोकांत जी-६-पीडी या, तांबड्या पेशीला पेरॉक्साइडपासून वाचवण्यास मदत करणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा व्यक्तीला क जीवनसत्त्वाची फार मोठी मात्रा, विशेषतः शिरेतून, दिली गेल्यास पेशी झपाट्याने फुटू शकतात, कारण त्या मात्रेत ते स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करू लागते. रोजच्या अन्नातील क जीवनसत्त्वाने असे होत नाही, हा फरक लोकांपर्यंत पोहोचायला हवा.

म्हणून रक्तक्षयाविषयीच्या अधिकृत आहारसल्ल्यात लोह, फोलेट आणि ब१२ यांच्या जोडीने ब२, सेलेनियम, क आणि ई यांचाही स्पष्ट उल्लेख व्हावा. ‘रक्तपेशींचे संरक्षण’ असा दावा करणाऱ्या पूरक गोळ्यांच्या उत्पादकांकडून त्या दाव्याचा मानवी चाचण्यांतील पुरावा मागितला जावा. तसेच क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या उत्पादनांवर जी-६-पीडी कमतरतेविषयीची सूचना ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. यांपैकी ही शेवटची सूचना सर्वांत आधी अमलात यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक नागरिक