जुने पितळी दिवे भंगारात कशाला?

संपादक साहेब, सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या इमारतीत रंगकाम झालं आणि पितळी दांडीचे, दुधी काचेच्या गोळ्याचे दिवे जाऊन तिथे पांढऱ्याफट्ट एलईडी पट्ट्या आल्या, म्हणे वीज वाचते. अहो, त्याच होल्डरमध्ये २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी बल्ब बसतो की, ६० वॅटच्या जागी ८-९ वॅटमध्ये जवळपास तेवढाच उजेड! फक्त जुनी कापडी वायर बदला, पितळेला अर्थिंग द्या आणि बंद गोळ्यात चालेल असाच बल्ब घ्या, कारण आत उष्णता कोंडली की बल्बमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, लवकर जातो, त्यात आपला नागपूरचा मे महिना. काढलेले दिवे अजून जिन्याखाली पडलेत, भंगारवाला यायच्या आत कुणीतरी बघा.

एक वाचक, धरमपेठ, नागपूर