शर्टाच्या बटणांबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

ध्यानाची बैठक संपल्यावर कुणी आभार मानायला पुढे आलं की तुम्ही घाईघाईने चपला शोधायला लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. त्यानंतर मी तुमच्याकडे आले ती रात्री जरा झोप लागावी एवढ्याच आशेने. मैत्रीभावना, म्हणजे मनातल्या मनात कुणाचं तरी भलं चिंतण्याचं ध्यान, करायची तर ह्यांच्यासाठीच, हे मी धरूनच चालले होते. तुम्ही म्हणालात, "त्यांना सध्या राहू द्या. आधी स्वतःसाठी करा." घरात माणूस अंथरुणाला खिळलेला आणि मी डोळे मिटून 'अहं सुखितो होमि, निद्दुक्खो' म्हणत बसायचं? मी सुखी होवो, माझं दुःख जावो? मला ते पटेना. तुम्ही समजूत घालत बसला नाहीत, सरळ कारण सांगितलंत.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात हा क्रम लावून दिला आहे. आधी आपण, कारण मला सुख हवंसं वाटतं तसंच ते दुसऱ्यालाही वाटतं, याचा पहिला साक्षीदार आपणच. मग ज्यांच्याबद्दल आदर वाटतो असं कुणीतरी, मग जिवलग, मग ना आवडतं ना नावडतं असं माणूस, आणि सगळ्यात शेवटी वैरी. जिवलगापासून सुरुवात का नाही? तर त्याला जरासं काही झालं तरी आपल्याला रडू कोसळतं. हे ऐकलं आणि वाटलं, बुद्धघोष आमच्या घरात डोकावून गेले असावेत! बायकोवर मैत्रीभावना करायला बसलेला तो अमात्यपुत्र प्रेमाने आंधळा होऊन रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला, ही गोष्टही तुम्हीच सांगितलीत. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

पण खरं ऋण आहे ते करुणेबद्दलच्या तुमच्या बोलण्याचं. करुणेचा दूरचा शत्रू म्हणजे हिंसा, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक, आणि तो करुणेचेच कपडे घालून येतो. तुम्ही विचारलंत, "तुमचे डोळे भरून येतात तेव्हा ते काय करतात?" मी आठवून पाहिलं. डाव्या हाताने ते माझा हात थोपटतात. म्हणजे आजारी माणसालाच माझी समजूत काढावी लागत होती. याहून जास्त तुम्ही काही बोलला नाहीत, बोलायची गरजही नव्हती.

आता बटणं. हे सकाळी एका हाताने शर्ट घालायला बसतात. अंगठ्याने काजं चाचपायची, बटण तिरकं करून आत सरकवायचं, ते निसटतं, पुन्हा पहिल्यापासून. पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. तुम्ही सांगितलंत, दोन्ही हात मांडीवर ठेवा, एक श्वास येताना-जाताना बघा आणि मनात म्हणा, तुम्हाला जमो. त्यांनी मान हलवून बोलावलं तरच उठा. आणि त्यांना धाप लागली, चेहरा पडला, तर बोलावण्याची वाट बघू नका, हेही तुम्हीच बजावलंत. तुमची उपेक्षाभावना, म्हणजे मन समतोल ठेवणं, पाठ फिरवायला शिकवत नाही, हे मला त्या बजावण्यातून उमगलं. काहीच न समजता गप्प बसणं हा तर उपेक्षेचाच जवळचा शत्रू.

चार मुलांच्या आईचा दाखला मी अजून घोळवते आहे. तान्हं वाढावं, आजारी बरं व्हावं, तरण्याताठ्याचं सुख टिकावं असं तिला वाटतं. आणि जो आपल्या कामात गुंतला आहे त्याच्यात ती लुडबूड करत नाही. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्षा, चारही एकाच आईच्या. ताई, माझ्याकडे चार मुलं नाहीत, एकच नवरा आहे, पण एका सकाळीत तो चारही होतो. औषधाच्या वेळी आजारी, बटणांच्या वेळी कामात गुंतलेला. एखादा शब्द नीट उच्चारला की स्वारी अशी खुशीत येते, की तेव्हा मुदिता वेगळी करावी लागत नाही. फिजिओथेरपीला मात्र करावी लागते. तिथे मागून आलेला पेशंट काठी टाकून चालायला लागतो आणि त्याची बायको पेढ्यांचा बॉक्स पुढे करते. पेढा घेते. पोटात कालवतंच, पण ती हसते ते आता मला दिसतं तरी.

ना आवडतं ना नावडतं माणूस म्हणून मी तिथला केसपेपर लिहिणारा घेतला आहे. नुसता रुक्ष माणूस. त्याच्यावर अजून काम चालू आहे. झटक्यानंतर एकदाही न फिरकलेले एक नातेवाईक माझ्या वैऱ्याच्या जागी आहेत. "त्यांना घाई नाही, तुम्हालाही नको," असं तुम्ही म्हणालात, ते मी अगदी आनंदाने पाळते आहे.

एक शंका राहिली. आपण, जिवलग, तिऱ्हाईत आणि वैरी एकत्र बसलेले असताना दरोडेखोर येऊन चौघांतला एक मागतात, त्या उदाहरणाची. 'मला न्या' म्हणणाऱ्याचीही आपपरभेदाची भिंत पडलेली नसते, असं विसुद्धिमग्ग म्हणतो. मी तर चटकन 'मला न्या' म्हणाले असते आणि त्याला त्यागही म्हटलं असतं. पुढच्या बैठकीत यावर थोडं बोलाल का?

आणि त्या दिवशी हेही येणार म्हणताहेत. जमिनीवर बसणं जमणार नाही, तेव्हा हातांची खुर्ची मिळाली तर बरं होईल. डाव्या बाजूचा हात भक्कम असलेली बघा, उठताना ते त्याच बाजूने जोर देतात.

आपली कृतज्ञ,
मागच्या रांगेतली एक साधिका