सिंहगड रोडच्या सलूनवाल्या दादांना, मनापासून

दादा नमस्कार,

तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण तुमच्याकडे येणारं कुणी ना कुणी वाचेल आणि तुम्हाला दाखवेल. दुकानाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला असलं काही आवडणार नाही.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आज सांगते. तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही घराजवळच्याच एका सलूनमध्ये जायचो. एकदा खुर्चीत बसल्या बसल्या तो आरशाकडे बघून काहीतरी पुटपुटायला लागला, बाकी काही नाही, नुसता पुटपुटत होता, तर मालकाने अर्धी कटिंग तशीच सोडून गळ्यातलं कापड काढलं आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "मॅडम, यांना घेऊन जा, गिऱ्हाइकं घाबरतात." भाऊ मागेच उभा होता, सगळं ऐकत होता. एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच, आणि भर संध्याकाळी त्याला तसंच चालवत घरी आणलं. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तेवढी एक बाजू तरी पूर्ण करायची होती हो.

त्यानंतर कित्येक महिने त्याने कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही. दाढी छातीपर्यंत आली. मग लोक म्हणायला लागले बघा कसा दिसतो. सोसायटीतल्या एका काकांनी आईला जिन्यात गाठून सांगितलं की येरवड्याच्या मनोरुग्णालयात टाका, इथे लहान मुलं खेळतात. म्हणजे वेडा दिसतो म्हणून कुणी केस कापणार नाही आणि केस वाढलेत म्हणून वेडा दिसतो, यातनं माणसाने बाहेर पडायचं कसं? आणि या आजाराची माणसं दुसऱ्याला त्रास देतात त्यापेक्षा जास्त वेळा त्यांनाच त्रास दिला जातो, हे किती जणांना माहीत आहे?

तेव्हा त्याला क्लोझापिन हे या आजारावरचं औषध नुकतंच सुरू झालं होतं. त्यात पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. त्या गोळीने त्याला कानात ऐकू येणारे आवाज खूप कमी झाले, पण गुंगी असते, तोंडातून लाळ गळते, आणि काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ कुणालाच नसतो. लग्नात वाढणारे मला विचारतात, याला गोड चालतं का. बँकेत मला विचारतात, हे सही करतील का. डॉक्टरकडे पोटदुखीसाठी नेलं तरी कुठे दुखतं ते मलाच विचारलं, पोट त्याचं आणि उत्तर मी द्यायचं.

तुमच्याकडे आलो तेव्हा दुपार होती, गर्दी नव्हती. मी दारातूनच सांगायला लागले की दादा जरा बारीक करा, आणि तुम्ही मला हाताने थांबवलंत. खुर्चीच्या बाजूला येऊन त्याच्याकडे बघून विचारलंत, "बोला दादा, कसे ठेवायचे?"

तो गप्प. मला घाम फुटला, मी उत्तर देणारच होते. तुम्ही कैची हातात घेऊन नुसते उभे राहिलात, परत विचारलं नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाहीत, वर टीव्हीवर मॅच चालू होती तिकडेही नाही. बाकावर बसलेल्या पोराने मान वर करून बघितलं, तुम्ही हललाही नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर फार वाटला. मग तो म्हणाला, "मागनं बारीक. कल्ले राहू द्या."

दादा, त्याला कल्ले आवडतात हे मला माहीत नव्हतं. कॉलेजात असताना ठेवायचा, आता त्याला काही आवडत असेल हा विचारच कुणी केला नव्हता.

दाढीच्या वेळी तुम्ही नवं ब्लेड त्याच्यासमोर पाकिटातून काढून मोडलंत आणि मगच वस्तऱ्यात घातलंत. लोक माझ्या भावाला घाबरतात, पण तिथे मान त्याची होती आणि वस्तरा तुमच्या हातात, आपल्याला कुणीतरी मारणार या भीतीत वर्षं काढलेला माणूस तुमच्यासमोर डोळे मिटून बसला होता. लाळ आली ती तुम्ही फेसाबरोबर पुसून टाकलीत.

2017 चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, तो सांगतो की या आजाराच्या माणसाला शारीरिक आजाराच्या माणसासारखंच वागवा, आणि त्याला समजत असेल तर उपचाराचं त्याचं त्याला ठरवू द्या. मी तो मुद्दाम मिळवून वाचला. शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या लोकांना तो सांगून सांगून दमले. तुम्हाला काही सांगावं लागलं नाही. धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या पालकांच्या गटात आई जाते, तिथे तिने तुमची गोष्ट सांगितली तर दोन-तीन आयांनी लगेच पत्ता मागितला. तिने दिलाय, चालेल ना? अशी साधी सभ्य माणसं या शहरात आहेत, फक्त ती कुठे बसतात ते एकमेकांना सांगावं लागतं.

आता तो तुमच्याकडे एकटाच येतो, मी कोपऱ्यापर्यंतही येत नाही. एक विनंती आहे. मागच्या वेळी तुम्ही दाढीचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी घ्या. तो कागदी पिशव्या करून कमावतो आणि ते पैसे वेगळ्या पाकिटात कटिंगसाठी ठेवतो.

तुमची,
त्याची ताई